रुक्मिणीची पत्रिका : निरोप, लेख आणि संमती

१

मध्ययुगीन युरोपच्या लॅटिन वाङ्मयात प्रेमपत्रांच्या आधारे कथा सांगण्याचा एक स्वतंत्र प्रघात आढळतो. बाराव्या शतकातील आबेलार व एलोईझ यांचा पत्रव्यवहार सर्वपरिचित आहे. पण कथेचा सारा भार पत्रांवर टाकून रचलेली सर्वांत लोकप्रिय लॅटिन कृती म्हणजे 'दोन प्रेमिकांची कथा' होय. ती १४४४ साली व्हिएन्ना येथे लिहिली गेली. तिचा कर्ता एनेआ सिल्व्हिओ पिक्कोलोमिनी हा पुढे १४५८ मध्ये दुसरा पायस या नावाने पोप झाला व उत्तरायुष्यात त्याने आपले हे तारुण्यातील लेखन नाकारले. सिएना नगरातील ल्युक्रेशिया ही विवाहिता आणि सम्राट सिगिस्मुंडाच्या परिवारातील युरिआलस हा परदेशी सरदार यांची ही कथा आहे. विशेष असा की, ही कथाही लेखकाने आपल्या गुरूस, सिएनाच्या मारिआनो सोझिनीस, लिहिलेल्या पत्राच्या रूपाने सांगितली आहे. म्हणजे एका पत्राच्या पोटात ही सारी पत्रे आहेत.

मराठीत अशी कृती आहे काय, असा प्रश्न तौलनिक साहित्याचा अभ्यासक साहजिकच विचारील. पत्रांच्या मालिकेतून उलगडणारी प्रणयकथा आपल्या प्राचीन वाङ्मयात नाही, हे प्रथमच मान्य केले पाहिजे. परंतु एका प्रेमपत्रावर ज्याची सर्व रचना तोलली आहे असे एक कथानक मराठी कवींनी तेराव्या शतकापासून अठराव्या शतकापर्यंत पुन्हा पुन्हा हाती घेतले. ते कथानक रुक्मिणीस्वयंवराचे. नरेंद्र, एकनाथ, सामराज, विठ्ठल इत्यादी कवींनी त्यावर स्वतंत्र काव्ये रचली. मोरोपंतांनी, ज्यांचे घराणे मूळचे आपल्याच राजापूर तालुक्यातील सौंदळचे, 'कृष्णविजया'त दशमस्कंधाच्या ओघात ते आर्येत आणले. भीष्मकाची कन्या शिशुपालास द्यावी असे तिचा भाऊ रुक्मी ठरवितो. ती द्वारकेस ब्राह्मण धाडते. कृष्ण येतो व तिला हरण करून नेतो. ब्राह्मणाने नेलेला मजकूर काढून घेतला तर जे उरते ते केवळ एका हरणाचे वृत्त असते.

प्रस्तुत लेखात या मजकुराविषयी तीन प्रश्नांचा विचार करावयाचा आहे. तो मुळात लिहिलेला होता की सांगितलेला? पत्र म्हणून त्याची भाषिक लक्षणे कोणती? आणि कथेत त्याचे नेमके कार्य काय?

२

पहिल्या प्रश्नाचे उत्तर वाटते तितके सरळ नाही. विष्णुपुराणाच्या पाचव्या अंशात रुक्मिणीची कथा अवघ्या काही श्लोकांत आटोपते. कृष्णास ती हवी होती व तिलाही कृष्ण हवा होता, एवढे तेथे सांगितले आहे. निरोपाचा उल्लेख नाही. निरोप येतो तो भागवताच्या दशमस्कंधात, बावन्नाव्या अध्यायाच्या अखेरच्या भागात. तेथे सात श्लोकांत रुक्मिणीचे म्हणणे सलग दिले आहे. ते संपल्यावर ब्राह्मण त्यास 'गुह्यसंदेश' म्हणतो व आपण ते 'आणले' असे सांगतो. 'लेख', 'पत्र', 'पत्रिका' यांपैकी एकही शब्द या ठिकाणी मूळ श्लोकांत नाही. आणलेला संदेश मुखातही असू शकतो व मुठीतही. श्रीधरस्वामींनी आपल्या टीकेत मात्र रुक्मिणीने एकांतात लिहून दिलेली पत्रिका ब्राह्मणाने मुद्रा उकलून दाखविली, असा अर्थ केला. आणि मराठी परंपरा या अर्थाच्या मागे गेली. मुळात निनावी असलेल्या ब्राह्मणास एकनाथांनी सुदेव हे नाव दिले. त्याच्या हाती पत्रिका आली आणि तेव्हापासून 'रुक्मिणीची पत्रिका' हा मराठी मनात एक स्वतंत्र पदार्थ होऊन बसला.

हा बदल किरकोळ नाही. निरोप सांगणाऱ्याच्या वाणीवर अवलंबून असतो. तो विसरू शकतो, मवाळ करू शकतो, संकोचाने गाळू शकतो. पत्रिकेत लिहिणाराची जबाबदारी तिच्या हस्ताक्षरात बांधलेली असते. जुन्या मराठीत 'निरोप' हा शब्द आज्ञा, सांगावा आणि जाण्याची अनुज्ञा अशा तिन्ही अर्थांनी येतो. त्यात अधिकार आहे, पण पुरावा नाही. 'पत्रिका' या शब्दात पुरावा आहे. मध्ययुगीन मराठी कवींनी रुक्मिणीच्या हातात लेखणी दिली, याचा अर्थ त्यांनी तिला साक्षर तर केलेच, पण आपल्या शब्दास उत्तरदायीही केले.

युरिआलसच्या कथेत याचेच दुसरे टोक दिसते. तो जर्मन प्रदेशातून आलेला. त्यास इटालियन येत नाही. आरंभी आपली पत्रे तो दुसऱ्यांकडून लिहवून घेतो. मग दुसऱ्याच्या शब्दांत प्रेम कळविणे त्यास असह्य होते व तो झपाट्याने ती भाषा शिकतो. ल्युक्रेशिया पहिले पत्र दूतीसमोर फाडून टाकते आणि ती वृद्धा निघून गेल्यावर तुकडे वेचून, जुळवून ते वाचते. निरोप फाडता येत नाही आणि जुळवताही येत नाही. पत्र ही वस्तू असल्यामुळेच हे दोन्ही शक्य होते. रुक्मिणीच्या कथेत असा प्रसंग नाही, कारण तेथे पत्र एकच आहे आणि त्यास उत्तर म्हणून पत्र येत नाही, रथ येतो.

३

आता पत्राच्या लक्षणांकडे वळू. बाराव्या शतकापासून बोलोन्या येथे पत्रलेखनाचे शास्त्र पद्धतशीर शिकविले जाऊ लागले. त्यात पत्राचे पाच भाग मानले जात : अभिवादन, वाचकाचे मन वळविणारा प्रस्ताव, वृत्तांत, विनंती आणि समाप्ती. इ. स. १२०० च्या सुमारास त्याच परंपरेतील बोनकोम्पान्यो याने केवळ प्रेमपत्रांसाठी एक लहानसा मार्गदर्शक ग्रंथ लिहिला. आपल्याकडेही हे शास्त्र होते. गुजरातेतील 'लेखपद्धति' हा संस्कृत संग्रह राजपत्रे, करारनामे व कौटुंबिक पत्रे यांचे नमुने देतो, आणि महाराष्ट्रात यादवांचा मंत्री हेमाद्री याच्या नावावर लेखनपद्धतीची 'मेस्तके' सांगितली जातात. कोणास कोणता मायना लिहावा, हा या साऱ्या ग्रंथांचा जिव्हाळ्याचा विषय आहे.

मायन्याचे महत्त्व किती, हे चांगदेवाच्या कथेवरून कळते. ज्ञानदेव वयाने लहान, म्हणून 'चिरंजीव' लिहावे, तर ज्ञानाने थोर. 'तीर्थरूप' लिहावे, तर वयाने लहान. मायना ठरेना, म्हणून चांगदेवाने कोरा कागद पाठविला, असे परंपरा सांगते. त्यास उत्तर म्हणून आलेल्या पासष्ट ओव्यांचा आरंभ 'स्वस्ति' या पत्रारंभीच्या शब्दानेच होतो. ही कथा तत्त्वज्ञानाची म्हणून सांगितली जाते. ती भाषाशास्त्राचीही आहे. दोन व्यक्तींमधील नाते निश्चित होत नाही तोवर पत्राचा पहिला शब्दही लिहिता येत नाही.

रुक्मिणीच्या मजकुरात मायना नाही. 'स्वस्ति' नाही, क्षेमकुशल नाही. तो एका भूतकालवाचक धातुसाधिताने, 'ऐकून' या अर्थाच्या शब्दाने, सुरू होतो. तुझे गुण कानांच्या वाटेने आत आले आणि माझे चित्त लाज सोडून तुझ्या ठायी शिरले, असा त्याचा आशय आहे. मायन्याची जागा संबोधनांनी घेतली आहे. सात श्लोकांत भुवनसुंदर, अच्युत, मुकुंद, नृसिंह, विभू, अजित, अंबुजाक्ष अशी संबोधने विखुरली आहेत, आणि त्यांतील प्रत्येक जागच्या अर्थाशी जुळते. ज्या श्लोकात सौंदर्य ऐकल्याचे सांगावयाचे तेथे 'भुवनसुंदर'. जेथे सैन्याचा पराभव करावयास सांगावयाचे तेथे 'अजित'.

युरिआलसचे पहिले पत्रही अभिवादनापाशीच अडखळते, पण जाणूनबुजून. लॅटिनमध्ये अभिवादन आणि क्षेम या दोहोंचा शब्द एकच. माझ्याजवळ क्षेमच उरलेले नाही, ते तुझ्या हाती आहे, मग मी तुला अभिवादन कोठून धाडू, असा श्लेष तो करतो. संस्कृत 'स्वस्ति' शब्दाचीही हीच घडण आहे : चांगले असणे, म्हणजेच क्षेम. रुक्मिणी असा श्लेष करीत नाही, पण तिचा शेवटचा श्लोक प्राणत्यागाचा आहे. तुझा प्रसाद न मिळाल्यास व्रतांनी कृश झालेले प्राण सोडीन, शंभर जन्म लागले तरी चालतील, असे ती म्हणते. जिचे क्षेमच पणास लागले आहे तिने आरंभी 'स्वस्ति' लिहिणे विसंगत ठरले असते. मायन्याचा अभाव हा मौखिक निरोपाचा अवशेष असेल. तथापि पत्र म्हणून वाचताना तो उणा वाटत नाही, उलट अर्थपूर्ण होतो.

सर्वनामांचाही विचार येथे करणे इष्ट होईल. संस्कृत मजकुरात 'त्वम्' आणि 'भवान्' ही दोन्ही रूपे येतात. आरंभी चित्त 'तुझ्या' ठायी शिरते. 'पती म्हणून वरले' असे म्हणताना 'भवान्' येतो. अखेर पुन्हा 'भवत्प्रसाद'. निकटता आणि आदर यांमध्ये ती सहज ये-जा करते. मराठीत ही सोय नाही. एकदा 'तू' म्हटले की 'तू', 'तुम्ही' म्हटले की 'तुम्ही'. पण मराठी कवींपुढे हा पेच उभा राहिला नाही, कारण प्राचीन मराठी काव्यात देवास 'तू' म्हणण्याची रीत पक्की होती आणि येथे प्रियकरच देव आहे. त्यामुळे मराठी रुक्मिणी कृष्णास जे 'तू' म्हणते त्यात भक्ताचे 'तू' किती व प्रेयसीचे किती, हे वेगळे काढता येत नाही. एकनाथांनी सारे काव्य जीवशिवाच्या मीलनाचे रूपक म्हणून बांधले, त्यास भाषेचे हे पाठबळ होते.

४

पत्रात काळ कसा मोजला जातो, हा भाषाशास्त्रातील एक मनोरंजक विषय आहे. पत्र लिहिणाराचा 'आज' हा वाचणाराचा 'आज' नसतो. लॅटिन पत्रलेखक ही अडचण क्रियापदाच्या काळाने सोडवीत. स्वतःच्या वर्तमानासाठी ते भूतकाळ वापरीत, कारण पत्र पोहोचेल तेव्हा तो भूतच झालेला असेल. व्याकरणकार त्यास पत्रगत भूतकाळ म्हणतात.

रुक्मिणीच्या पाचव्या श्लोकात 'श्वः', म्हणजे 'उद्या', असा शब्द आहे. विवाह उद्या होणार, तेव्हा गुप्तपणे विदर्भात ये. हा 'उद्या' कोणाचा? लिहिणारीचा तर खासच नव्हे. कारण ब्राह्मणास विदर्भातून पायी द्वारकेपर्यंत जावयाचे आहे. मग ऐकणाराचा म्हणावा, तर तोही जुळत नाही. सहाव्या श्लोकात ती सांगते की विवाहाच्या 'पूर्वेद्युः', म्हणजे आदल्या दिवशी, कुलदेवीची मोठी यात्रा असते व नववधूस नगराबाहेर गिरिजेच्या देवळी जावे लागते. विवाह वाचनाच्या दुसऱ्या दिवशी असता, तर यात्रा वाचनाच्याच दिवशी होऊन गेली असती. पुढच्या अध्यायात कृष्ण तत्काळ रथ जोडवितो व एका रात्रीत विदर्भात येतो. आणि त्या दिवशी वाट पाहणारी रुक्मिणी म्हणते की विवाहास आता एका 'त्रियामे'चे, एका रात्रीचेच, अंतर राहिले.

म्हणजे हा 'उद्या' ना लिहिणाराच्या दिवसापासून मोजलेला, ना वाचणाराच्या. तो मोजला आहे कृष्ण कुंडिनपुरास पोहोचेल त्या दिवसापासून. टीकाकारांनी 'श्वः' म्हणजे परवा असा शिथिल अर्थ घेऊन ही विसंगती मिटविली. तसे करण्याची गरज नाही, असे मला वाटते. जी तिसरी वेळ अजून यावयाची आहे, ती आलीच आहे असे धरून रुक्मिणी बोलते. बोलणारा निरोप्या 'उद्या' हा शब्द प्रसंगानुसार बदलून घेईल. लेख तो बदलू शकत नाही. म्हणून हा शब्द, माझ्या मते, या मजकुरातील लेखाचे सर्वांत बलवान चिन्ह आहे. श्रीधरस्वामी व मराठी कवी यांनी त्यास पत्रिका मानले, त्यास मुळातच असा आधार सापडतो.

५

आता कार्याचा प्रश्न. कृष्णास रुक्मिणी हवीच होती, सैन्यही होते. मग पत्राची आवश्यकता काय? याचे उत्तर धर्मशास्त्रात शोधावे लागते. चिपळूणजवळच्या परशुराम येथे जन्मलेल्या महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी आपल्या 'धर्मशास्त्राच्या इतिहासा'च्या दुसऱ्या खंडात (१९४१) आठ विवाहप्रकारांची सविस्तर चर्चा केली आहे. मनूच्या व्याख्येनुसार राक्षस विवाह म्हणजे आप्तांस मारून, तोडफोड करून, आक्रोश करणाऱ्या, रडणाऱ्या कन्येस घरातून बळाने नेणे. गांधर्व विवाह म्हणजे वधूवरांचा परस्परांच्या इच्छेने झालेला संयोग. क्षत्रियास हे दोन्ही, वेगवेगळे किंवा मिश्र, धर्म्य आहेत, असे मनू सांगतो. 'मिश्र' म्हणजे काय, हे मात्र व्याख्येवरून सहज उमगत नाही. परस्परांची इच्छा आणि रडणारी कन्या एका विवाहात कशी नांदतील?

रुक्मिणीचे पत्र हे या 'मिश्र' शब्दाचे जणू भाष्य आहे. तिसऱ्या श्लोकात ती म्हणते की मी आपणास पती म्हणून वरले व स्वतःस अर्पण केले. हे गांधर्वाचे लक्षण झाले. पाचव्यात ती, स्वतःच, शास्त्रातील शब्द वापरून सांगते की वीर्य हेच शुल्क देऊन 'राक्षस विधी'ने मला ने. सहाव्यात ती आणखी एक अडचण ओळखते : मी अंतःपुरात राहते, माझ्या आप्तांस न मारता तू मला कशी नेशील? आणि त्यावर उपाय सुचविते : देवीची यात्रा. राक्षस विवाहाच्या व्याख्येतील वध, घर आणि आक्रोश ही तिन्ही अंगे ती एकामागून एक काढून टाकते. वध नको, म्हणून स्थळ नगराबाहेर. घरातून नेणे नको, म्हणून देऊळ. आणि आक्रोशाचा प्रश्नच नाही, कारण बोलावणे तिचेच आहे. बाहेरून पाहणारास जे हरण दिसेल ते आतून वरण आहे, याची ग्वाही देणारा एकमेव लेख म्हणजे ही पत्रिका.

या दृष्टीने ल्युक्रेशियाच्या पत्रांशी तुलना उद्बोधक ठरते. तिचीही पत्रे संमतीपर्यंत येतात, पण तिच्या संमतीस कोणत्याही शास्त्रात जागा नाही. ती विवाहित आहे. सम्राट निघतो, युरिआलस त्याच्यामागे जातो, ती झुरून मरते, आणि पुढे त्याचे लग्न उच्च कुळात होते. तिच्या पत्रांनी प्रेम सिद्ध होते. हक्क सिद्ध होत नाही. रुक्मिणीच्या पत्राने दोन्ही सिद्ध होतात. शैलीत ल्युक्रेशियाचा लेखक अधिक सूक्ष्म असेल; मनाचे हेलकावे त्याने टिपले तसे पुराणकाराने टिपलेले नाहीत. पण रुक्मिणीची पत्रिका ही कृती आहे, नुसता उद्गार नव्हे.

६

शेवटी एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. ही पत्रिका स्त्रीच्या नावाची आहे आणि पुरुषांच्या लेखणीची. आबेलारच्या पत्रव्यवहारातील एलोईझची पत्रे खरोखर तिचीच काय, हा वाद युरोपीय विद्वानांत दीर्घकाळ चालला; ल्युक्रेशियाविषयी तर असा वादही संभवत नाही. आपल्याकडे चित्र थोडे निराळे आहे. रुक्मिणीस्वयंवराचा मराठीतील ज्ञात आरंभच एका स्त्रीपासून होतो. महदंबा ही महानुभाव पंथातील विधवा साधिका. गोविंदप्रभूंच्या विवाहाच्या लीलेत, ऋद्धिपूर येथे, तेराव्या शतकाच्या नवव्या दशकात तिने कृष्ण-रुक्मिणीच्या विवाहाचे 'धवळे' गायिले. ज्या समाजात विधवेची सावलीही मंगलकार्यात वर्ज्य, तेथे विवाहगीत तिच्या मुखातून निघावे, हे त्या पंथाच्या व तिच्याही धैर्याचे द्योतक आहे. त्यानंतर थोड्याच वर्षांनी, शके १२१४ मध्ये (१२९२), नरेंद्राने आपले काव्य रचले. रामदेवरायाने ओवीमागे सुवर्ण देऊन ते स्वतःच्या नावावर मागितले व नरेंद्राने ते नाकारले, अशी कथा महानुभावांच्या 'स्मृतिस्थळा'त आली आहे. पोथी राजाकडे राहिली आणि आठवणीतून उतरलेल्या नऊशेच्या आसपास ओव्या तेवढ्या आपल्यापर्यंत आल्या, असे सांगितले जाते. शब्द कोणाचा, हा या कथानकाच्या अंतरंगातील प्रश्न त्याच्या इतिहासातही असा उभा राहिलेला दिसतो.

एकनाथांनी शके १४९३ मध्ये (१५७१) काशीस पुरे केलेले, अठरा प्रसंगांचे 'रुक्मिणीस्वयंवर' मात्र घराघरांत गेले. उपवर मुलीने त्याचे पारायण करावे म्हणजे मनाजोगे स्थळ मिळते, ही श्रद्धा कोकणातही रुजली. ज्या ग्रंथातील कन्या भावाने ठरविलेले स्थळ लेखी नाकारते, तोच ग्रंथ वडिलांनी ठरवावयाच्या स्थळासाठी वाचावयाचा, यातील विसंगती आपल्या पूर्वजांस खटकली नाही. आजच्या मराठीत 'पत्रिका' म्हटले की एक तर जन्माची आठवते, नाही तर लग्नाची. पहिली ज्योतिषी मांडतो; दुसरी बहुधा वडिलधाऱ्यांच्या नावे निघते. वधूने स्वतः लिहावयाची जी पत्रिका, तिचा अर्थ या शब्दातून गळून गेला.

मराठी रुक्मिणीस्वयंवरांचा अभ्यास आजवर मुख्यत्वे रसदृष्टीने व पंथदृष्टीने झाला. प्रत्येक कवीने या सात श्लोकांचे काय केले, कोणते राखले, कोणते वाढविले, 'राक्षस विधी' हा शब्द ठेवला की भक्तीच्या भरात मवाळ केला, 'उद्या'चा घोळ कसा सोडविला, याची ओळीओळीने तुलना होणे अवश्य आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्यांस ती प्रबंधाचा विषय म्हणून पुरेल. तसे करताना एक सूत्र ध्यानी ठेवावे : जेथे कवी हा मजकूर निरोप म्हणून हाताळतो तेथे ब्राह्मण मोठा होतो, आणि जेथे तो पत्रिका म्हणून हाताळतो तेथे रुक्मिणी.